हौशी फोटोग्राफी: करून शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंधराएक वर्षं हौसेनं फोटो काढतोय. त्यातली पहिली चार-पाच वर्षं निव्वळ चाचपडण्यात गेली. फोटो हजारांनी काढले, पण कोणता का जमला आणि कोणता का फसला, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. नव्यानं शिकणारे भेटले की फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. नमनाला एवढं तेल पुरे.

क्लास न लावता खरंच शिकता येतं का?

येतं. कारण इथे चुकायला आता काहीच खर्च येत नाही. फिल्मच्या काळी ३६ फोटोंचा रोल संपवायचा, तो धुवायला द्यायचा, आणि फोटो हातात पडेपर्यंत कुठला कोणत्या सेटिंगवर काढला होता हे पार विसरलेलं असायचं. शिस्तीची माणसं खिशात छोटी वही ठेवत. आता ती वही कॅमेरा आपणहून लिहितो. फोटोच्या फाइलमध्येच शटर (उजेड किती वेळ आत घेतला), ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं होतं), आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता किती ठेवली), वेळ, लेन्स अशी सगळी नोंद असते, तिला एक्झिफ म्हणतात. मोबाइलच्या गॅलरीतही फोटोच्या 'माहिती'त किंवा 'तपशिला'त गेलं की ती दिसते. बहुतेक लोक तिकडे ढुंकूनही बघत नाहीत, हे मात्र खरं.

दिवसाला दोनशे फोटो काढले म्हणजे सराव झाला, असं मी मानत नाही. एकच गोष्ट बदलून दोन फोटो काढले आणि ते शेजारी-शेजारी ठेवून निरखले, की झाला सराव. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळायला मार्ग नाही. पुढच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांत मी हेच वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगणार आहे, तेव्हा कंटाळा आला तर माफ करा.

क्लासचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा: तिथे दुसरं कुणीतरी तुमचे फोटो बघतं आणि तोंडावर बोलतं. घरचे लोक ते करत नाहीत. त्यांना सगळेच फोटो छान वाटतात.

मोबाइलवर शिकू की आधी कॅमेरा घेऊ?

मोबाइलवर सुरुवात करा. उजेड कुठून येतोय, चौकटीत काय घ्यायचं, काय वगळायचं, कधी दाबायचं, हे सगळं मोबाइलवर शिकता येतं आणि तेच शिकायला सगळ्यात वेळ लागतो. कॅमेरा ॲपमध्ये 'प्रो' मोड असेल तर शटर आणि आयएसओही हाताळता येतात. ॲपर्चर मात्र बहुतेक मोबाइलमध्ये ठरलेलं असतं, बदलत नाही. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड ते काम सॉफ्टवेअरनं करतो. म्हणूनच विस्कटलेल्या केसांच्या कडेला तो गडबडतो.

बोटांनी ताणून झूम करण्याची सवय मात्र पहिल्या दिवशीच सोडा. दूरचं जवळ दाखवणारी वेगळी टेलिफोटो लेन्स नसेल तर तो झूम म्हणजे नुसतं कापून मोठं केलेलं चित्र असतं. चार पावलं पुढे जा.

कॅमेरा घ्यायचाच ठरवलाय. कोणता घेऊ? आणि लेन्स?

हातात घेऊन बघा, पकड जमते का आणि बटणं बोटाखाली येतात का ते पाहा. गेल्या दहाएक वर्षांतला अदलाबदलीच्या लेन्सचा कुठलाही चालू कॅमेरा शिकायला पुरेसा आहे. जुना वापरलेला असला तरी हरकत नाही.

लेन्सबद्दल माझं मत ठाम आहे: सोबत मिळालेली झूम लेन्स सहा महिने वापरा, मग एक ठरावीक फोकल लेंग्थची (मिलिमीटरमधला हा आकडा वाढला की दूरचं जवळ दिसतं), न झूम होणारी लेन्स घ्या. फुल-फ्रेमवर, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर (उजेड टिपणाऱ्या पट्टीवर), ५० मिलिमीटर, छोट्या सेन्सरवर ३५. झूम नसली की पायांना काम लागतं आणि हळूहळू कॅमेरा डोळ्याला न लावताच चौकट दिसायला लागते. प्रसिद्ध फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातलं बरंचसं काम ५० मिलिमीटरवरच केलं. एकाच लेन्सचं बंधन त्यांना जाचलेलं दिसत नाही.

मेगापिक्सेल किती हवेत?

तुमच्याकडे आहेत तेवढे पुरे. ए-४ आकाराच्या चांगल्या प्रिंटला सुमारे ९ मेगापिक्सेल लागतात. स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली कोडॅकमध्ये बनवलेला पहिला डिजिटल कॅमेरा ०.०१ मेगापिक्सेलचा होता आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागत. त्या मानानं आपलं बरं चाललंय.

ॲपर्चर, शटर, आयएसओ वाचून वाचून पाठ झालं, तरी डोक्यात बसत नाही. काय करू?

वाचणं थांबवा. एका दुपारी हे करा.

टेबलावर एकामागे एक, वीतभर अंतरानं पाच वस्तू मांडा. बाटल्या, पुस्तकं, काहीही. कॅमेरा 'ए' किंवा 'एव्ही' मोडवर ठेवा (यात ॲपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा ठरवतो), मधल्या वस्तूवर फोकस करा आणि तो बदलू नका. आता लेन्स उघडेल तेवढी उघडून, म्हणजे एफ/१.८ किंवा एफ/३.५ जे असेल त्यावर, एक फोटो. मग एफ/५.६, एफ/८, एफ/१६. चार फोटो संगणकावर ओळीनं लावा. किती वस्तू स्पष्ट आहेत ते मोजा. एफचा आकडा लहान म्हणजे भोक मोठं, हा उलटा हिशोब इथे एकदाचा पटतो. तो आकडा म्हणजे फोकल लेंग्थ भागिले भोकाचा व्यास. ५० मिलिमीटरच्या लेन्सचं भोक एफ/२ ला २५ मिलिमीटर असतं आणि एफ/४ ला साडेबारा. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणून उजेडही पाव.

आता तीच लेन्स एफ/१.८ वर ठेवून वस्तूच्या जवळ जा. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरनं अर्ध्या मीटरवरून फोटो काढला तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम एक सेंटिमीटरचा उरतो. चेहऱ्याच्या फोटोत एक डोळा लख्ख आणि दुसरा धूसर का येतो, याचं उत्तर त्यात आहे. अशा वेळी कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर फोकस करायचा.

शटरसाठी नळाची बारीक धार पुरते. १/१००० सेकंदाला धारेचे मणी सुटे दिसतात, १/६० ला काचेची कांडी दिसते, अर्ध्या सेकंदाला नुसता धूर. डोळ्याला यातलं एकही चित्र दिसत नाही, आणि मला वाटतं या छंदाची खरी गंमत इथेच कळते. धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात की नाही, याचा निकाल १८७८ मध्ये फोटोग्राफर एडवर्ड मायब्रिज यांच्या फोटोंनी लावला. तोवर लोक नुसत्या डोळ्यांनी बघून वाद घालत होते.

आयएसओ शेवटी. संध्याकाळी खोलीत एकच फोटो १००, ८००, ६४०० वर काढा आणि सावलीचा भाग मोठा करून बघा. रवाळपणा दिसेल. पण एक सांगतो, रवाळ फोटो चालतो, हललेला चालत नाही. आयएसओ वाढवायला भिऊ नका.

खरे फोटोग्राफर मॅन्युअल मोडवरच काढतात ना?

नाही. मी बहुतेक वेळ 'ए' मोडवर असतो. महिनाभर मॅन्युअल, म्हणजे सगळं स्वतः ठरवायचा मोड, जरूर वापरा, म्हणजे आतली यंत्रणा कळेल. भर उन्हासाठी एक जुना ठोकताळा आहे: एफ/१६ आणि शटर म्हणजे एक भागिले आयएसओ. आयएसओ १०० असेल तर १/१०० किंवा १/१२५. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर न बघता त्यावर फोटो काढा आणि बरोबर येतो का ते बघा. पहिल्यांदा बरोबर आला तेव्हा मला उगाचच मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

माझ्याकडे काढण्यासारखं काही नाही. रोज घर आणि तोच रस्ता. कशाचे फोटो काढू?

एक पांढरं अंडं घ्या. चेष्टा नाही.

दिवसा खोलीतले दिवे बंद करा. खिडकीशेजारी टेबल, टेबलावर पांढरा कागद, त्यावर अंडं. खिडकी एका बाजूला येईल असे बसा आणि आधी पाच मिनिटं नुसतं बघा. खिडकीकडची बाजू उजळ, मग उजेड हळूहळू मावळत जातो, मग एक गडद पट्टा येतो. पण त्या पट्ट्यापलीकडे, अगदी बुडाशी, सावलीच्या बाजूला पुन्हा थोडा उजेड आहे. तो कागदावरून उसळून आलाय. फोटो काढा. आता पांढऱ्या कागदाच्या जागी काळा ठेवा. बुडाचा तो उजेड गेला. सावलीच्या बाजूला एक पांढरं पुठ्ठं उभं करा, सगळी सावली फिकी होते. खिडकीवर पातळ पडदा ओढून उजेड पसरट केला की कागदावर पडलेल्या सावलीची कडा विरघळते. पडदा काढून टेबल खोलीत आत न्या: अंड्याच्या दृष्टीनं खिडकी आता लहान झाली, म्हणून कडा पुन्हा टोकदार.

हे सगळं करायला तासभर लागतो. नंतर अंड्याच्या जागी माणूस बसवा. गाल, नाक, हनुवटी, सगळीकडे तोच उजेड, तोच पट्टा, तोच उसळलेला प्रकाश. माणसांचे फोटो मला या अंड्यानं शिकवले, आणि अंडं कधी 'लवकर आटप' म्हणाले नाही.

दुसरा प्रयोग कवडशाचा. खोलीत कवडसा पडत असेल तर एकाच जागेवरून दर तासाला त्याच कोपऱ्याचा फोटो काढा. आठ-दहा फोटोंत तो भिंतीवरून जमिनीवर उतरतो, ताणला जातो, रंग बदलतो. झाडाखाली पडलेले कवडसे गोल का असतात, याचा विचार केलाय कधी? पानांमधल्या फटी काही गोल नसतात. बारीक फट पिनहोल कॅमेऱ्यासारखं काम करते आणि जमिनीवर सूर्याचीच प्रतिमा पडते. खंडग्रास सूर्यग्रहणात तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. (सूर्याकडे थेट, आणि कॅमेऱ्याच्या भिंगातून तर मुळीच, बघू नका. जमिनीकडे बघा.)

फोटो कधी काळपट येतो, कधी पांढराफटक. कॅमेरा बिघडलाय का?

कॅमेरा ठीक आहे, त्याला फक्त माहीत नाही की तुम्ही काय बघताय. त्याचं मीटर असं धरून चालतं की समोरचं दृश्य सरासरी मधल्या करड्या रंगाचं आहे, साधारण १८ टक्के प्रकाश परतवणारं. बर्फ दाखवलात तर तो त्याला करडा करायला बघतो आणि फोटो काळपट येतो. काळी मांजर दाखवलीत तर तिलाही करडी करतो, आणि फोटो फिका पडतो.

एक पांढरा कागद आणि एक काळं कापड घ्या. दोन्हींचा चौकट भरून फोटो काढा, ऑटोवर. दोन्ही फोटो जवळजवळ सारख्याच करड्या रंगाचे निघतील. मग एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे ते अधिक-उणे चिन्हाचं बटण, वापरून कागद पांढरा आणि कापड काळं करून दाखवा. पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे. ऐकताना उलटं वाटतं, केल्यावर वाटत नाही.

हे बटण काम झाल्यावर शून्यावर आणायचं असतं. मी एका पहाटे धुक्याचे फोटो काढताना ते अधिक दोनवर नेलं आणि तसंच विसरलो. त्या दिवशी पाणवठ्यावर पांढरे बगळे इतक्या जवळ आले होते की पुन्हा तसे कधी मिळाले नाहीत. उन्हात स्क्रीनवर नीट दिसत नव्हतं, मी खुशीत काढत राहिलो. घरी येऊन बघतो तर बगळ्यांच्या जागी पांढरी भोकं. पिसाचा एक तपशील शिल्लक नव्हता. पार जळलेला पांढरा भाग एडिटिंगमध्येही परत येत नाही. तेव्हापासून उन्हात मी स्क्रीनवरच्या चित्रावर विश्वास ठेवत नाही, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख, बघतो. आलेख उजव्या भिंतीला जाऊन आपटला असेल तर काहीतरी जळलंय.

चंद्राचा फोटो काढला की नुसता पांढरा ठिपका येतो.

याच कारणामुळे. मीटर काळं आकाश बघतं आणि उजेड वाढवत नेतं. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडक आहे, त्याला उन्हातलीच सेटिंग लागते. पौर्णिमेला एफ/११, आयएसओ १००, शटर १/१०० पासून सुरू करा. अष्टमीच्या चंद्राला यापेक्षा जास्त उजेड द्यावा लागतो, पण विवरांच्या सावल्या तेव्हाच उठून दिसतात.

माझे फोटो हलतात.

आधी काय हललं ते ओळखा. सगळाच फोटो फरपटलाय तर तुमचा हात. मागची भिंत स्पष्ट आणि माणूस पुसट, तर माणूस. हातासाठी ठोकताळा: शटर एक भागिले फोकल लेंग्थपेक्षा मंद नको, म्हणजे २०० मिलिमीटरला किमान १/२००. कोपर छातीशी, श्वास सोडता सोडता दाबा. माणूस हलत असेल तर हाताचं हलणं सावरणाऱ्या स्टॅबिलायझेशनचा काही उपयोग नाही, शटरच जलद करायला हवं. पळणाऱ्या मुलाला १/५०० तरी लागतं.

ट्रायपॉडवर लावूनही हलत असेल तर बटण दाबतानाचा धक्का असतो. दोन सेकंदांचा टायमर लावा.

मोबाइलवर पंख्याची पाती वाकडी दिसतात आणि दिव्याखाली आडवे पट्टे येतात. का?

सेन्सर सगळं चित्र एकदम टिपत नाही, ओळीओळीनं वाचत जातो. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत येईतो पातं पुढे सरकलेलं असतं, म्हणून वाकडं. पट्टेही त्याच वाचनातून येतात, कारण बरेच दिवे विजेच्या लयीत सतत कमी-जास्त होत असतात. वीज ५० हर्ट्झ असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, ६० असेल तर १/६० किंवा १/१२०. पट्टे बहुधा जातात.

रचनेचे नियम पाळायलाच हवेत का? तो तृतीयांशाचा वगैरे?

चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडून मुख्य गोष्ट त्या रेघांवर ठेवायची, हा तो तृतीयांशाचा नियम. नियम म्हणून नको, सवय मोडायला म्हणून वापरा. नवशिक्या माणूस सगळं मधोमध ठेवतो, त्याला जरा कडेला ढकलायला तो उपयोगी पडतो. माझ्या मते त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवणं. डोक्यातून उगवलेला खांब, कोपऱ्यात अर्धी कापलेली चप्पल, मागे लोंबणारी वायर. आपण चेहऱ्याकडे बघत असतो, कॅमेरा सगळ्याकडे सारखंच बघतो.

एक प्रयोग: एकाच वस्तूचे वीस फोटो काढा, प्रत्येक वेगळ्या जागेवरून. पहिले सहा-सात सहज होतात. मग अडतं, वैताग येतो, आणि माणूस जमिनीवर आडवा होतो. मला कामाचे फोटो बहुतेक वेळा बाराव्यानंतर मिळालेत.

अनोळखी माणसांचे फोटो काढायला संकोच वाटतो.

वाटायलाच हवा थोडा. कायदा जागोजागी वेगळा आहे, तो आपापल्या ठिकाणचा माहीत करून घ्या. पण कायद्याच्या अलीकडे साधी रीत आहे: विचारा, कॅमेरा लपवू नका, काढलेला फोटो दाखवा, आणि समोरचा नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसून टाका. लहान मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नाहीत. विचारल्यावर माणूस ताठ होऊन उभा राहतो, हे खरंय. तो एक फोटो काढा, आभार माना आणि जरा वेळ तिथेच थांबा. तो कामाला लागला की खरा फोटो मिळतो.

रॉ की जेपेग? आणि एडिटिंग म्हणजे फसवणूक नाही का?

रॉ म्हणजे सेन्सरनं टिपलेली कच्ची माहिती, जेपेग म्हणजे कॅमेऱ्यानं तिच्यातून तयार करून दिलेलं चित्र. शिकताना दोन्ही एकत्र साठवा. जेपेगमध्ये दर रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. म्हणून सावलीतला तपशील वर काढायला रॉ बरी. फसवणुकीचं म्हणाल तर डार्करूममध्येही प्रिंटचा एक कोपरा गडद करणं, दुसरा उजळणं चालायचंच. माझी स्वतःची रेघ अशी आहे की जे समोर नव्हतं ते घालायचं नाही. बातमीच्या फोटोत ही रेघ ओलांडली तर ती फसवणूकच, छंदात तुमची रेघ तुम्ही आखा. फक्त रंगांचा स्लायडर निम्म्यावर आणून थांबा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा.

प्रगती होतेय हे कसं कळणार?

पसंतीच्या आकड्यांवरून कळत नाही. दर महिन्याला दहाच फोटो निवडून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येकाखाली एक ओळ लिहा: काय करायला गेलो, काय झालं. सहा महिन्यांनी पहिला फोल्डर उघडा. लाज वाटली तर सगळं व्यवस्थित चाललंय.

लेन्स कशी सांभाळायची?

दमट हवेत बुरशी धरते आणि ती काचेवर कायमचे डाग सोडू शकते. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात महिनोन्‌महिने ठेवू नका. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के. धूळ आधी रबरी ब्लोअरनं उडवा, मगच कापड लावा, नाहीतर तेच कण काचेवर घासले जातात. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकी उडते.

फोटो साठवायचे कुठे?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. जगभर ३-२-१ म्हणतात ती हीच पद्धत. मी ती उशिरा शिकलो. एका हार्ड डिस्कवर सगळं ठेवून बिनधास्त होतो. एक दिवस तिच्यातून टकटक आवाज यायला लागला आणि दोन वर्षांचे फोटो गेले. त्या दोन वर्षांतले आज माझ्याकडे अकरा फोटो आहेत, तेही प्रिंट करून भिंतीवर लावले होते म्हणून. आता ते स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवलेत. त्यातला एक अंड्याचा आहे.